सूपभर कोंड्याची पोरगी

नागपूर, १ नोव्हेंबर १९५७

शकुआजीला कुमुदचा नमस्कार.

दिवाळीला मोहटोल्याला येणं जमलं नाही, त्याचा राग या पत्रावर काढू नकोस. काम वाढलं आहे. मी ज्या बालसहाय्य मंडळात जाते, त्याच्याशी आता परदेशातली एक संस्था जोडली गेली आहे. तिकडून गरीब मुलांसाठी लोकरीचे कपडे येतात. इकडे आम्ही ते जंगलपट्टीतल्या गावांत पोचवायचे आणि खरोखर निराधार मुलं शोधून त्यांची नावं तिकडे कळवायची. ज्या मुलाचं नाव जातं, त्याला तिकडचं एखादं कुटुंब आपलं म्हणतं आणि त्याच्या खर्चाला पैसे पाठवतं.

माझे आजोबा मोहटोल्याचे, आणि त्यांची बहीण अजून तिथे आहे, असं मी बैठकीत बोलून गेले. लगेच आमच्या अध्यक्ष यमुताईंनी तुझंच गाव धरलं. त्या आणि आणखी दोघी पुढच्या आठवड्यात येतील. माझी परीक्षा आहे, मी येऊ शकत नाही. त्यांना दोन वेळचं जेवण दे, गरजू मुलं दाखव, आणि आजी, पाया पडते, त्यांची थट्टा करू नकोस. त्या मनाने फार चांगल्या आहेत.

तुझी कुमुद


मोहटोला, पोष्ट वडसा, जिल्हा चांदा
गुरुवार, १४ नोव्हेंबर १९५७

कुमुदले शकुआजीचा आशीर्वाद, लागला तर.

चिठ्ठी लिहिणारा कमरुद्दीन शिंपी. तो वडशावरून बाजाराच्या दिवशी, गुरुवारी, येते, मशीन मांडते, आन गिऱ्हाईक नसलं का माहं लिहिते-वाचते. गावात शाळेचा मास्तर आहे, पण त्याच्या बकरीनं माहा वालाचा वेल खाल्ला तवापासून आमचं बोलणं बंद आहे. म्हणून तुह्या चिठ्ठीचं नशीब गुरुवारीच उघडते, हे ध्यानात ठेवजो.

तुह्या तिन्ही बाया आल्या. जीपमधून उतरल्या त्या नाकाले रुमाल लावून. शेणाचा वास येते म्हणे. मी म्हटलं, बाई, इथी शेणाचा येते, तुमच्या इथी कशाचा येते? ते त्यायनं लिहून घेतलं. त्या सगळंच लिहून घेतात. मी शिंकली तेही लिहिलं असन.

मंग पोरायले रांगेत उभं केलं, फोटो काढाले. बुधरीची कोंडी, नथ्थूचे दोघं, सुकरीची पोरगी, असे पंधराक होते. पोरं हसाले लागली. यमुताई म्हणे, हसू नका रे, हसरी मुलं तिकडे पाठवून काय उपयोग. नथ्थूचे पोट्टे खिदळतच राह्यले, तर त्यायले रांगेतून काढलं. सकाळी पोटभर पेज पिऊन आले होते बिचारे. चूक त्यायचीच.

मंग मोजे वाटले. लोकरीचे, गुडघ्यावरचे. आमच्या पोरायच्या पायात जोडा नाई, अन जोड्याच्या आतलं आधी आलं. बायायनं त्यात लाखोरीची डाळ भरून आढ्याले टांगली. उंदीर लागत नाई. परदेशातल्या लोकायले माहा निरोप दे, माल चांगला आहे.

खरी मजा पुढं. कोंडीले नाव पुसलं. ती म्हणे, कोंडी. असं कसं गं नाव, म्हणे. सहा वर्साची पोरगी, काय सांगन ती? मी म्हटलं, तिले मी इकत घेतली, सूपभर कोंड्यात, म्हणून कोंडी. यमुताई हळूच म्हणे, तुम्ही स्वतः? मी म्हटलं, मंग काय, मालकीण मीच. काम करते का? म्हटलं, करते नं, पाय दाबते, पाठ खाजवते, दिवसभर माह्या मागंपुढं राहते. जेवायला काय देता? म्हटलं, कोंड्याच्या भावात आली, तिले काय लाडू देऊ? वाघ पाह्यल्यासारखे डोळे करून तिघी लिहू लागल्या. बुधरी मागं उभी राहून पदरात तोंड घालून हसत होती. मले त्या दिवशी कोरडी भाकरही गोड लागली.

जाताना एका कागदावर अंगठा मागतला. मोजे भेटल्याची पोच असन, दिला.

बाया पाठवत जा. मंडईच्या जत्रेतल्या नाटकातही येवढी करमणूक होत नाई.

शकुआजी

(शेणाच्या वासाचं मी लिहीत नव्हतो. शकुबाईनं लिहाले लावलं. — कमरुद्दीन)


नागपूर, २४ नोव्हेंबर १९५७

शकुआजीला नमस्कार.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. तू सगळं थट्टेवारी नेलंस, पण त्यामागची टोचणी मी ओळखली. इतक्या वर्षांनी एखादी गोष्ट कबूल करायची तर माणूस हसतच करतं. मूल विकलं जातं, तेही सूपभर कोंड्याला, हे आमच्या बैठकीत वाचून दाखवलं तेव्हा कोणाच्या घशाखाली चहा उतरला नाही. मी शहरात वाढले, मला यातलं काही ठाऊक नव्हतं.

पण तू अंगठा दिलास. 'या मुलीवरील माझा हक्क मी मंडळाकडे सोपवते', या कागदावर. यमुताई म्हणाल्या, म्हातारीने एका शब्दाने आडकाठी केली नाही. मला तुझा अभिमान वाटला, आजी.

मंगळवारी, ३ डिसेंबरला, जीप कोंडीला न्यायला येईल. इथे आमचा आश्रम आहे, शाळा आहे. तुझी किंवा कोणाचीही हरकत असेल तर त्याआधी एक ओळ लिहून कळव, मी थांबवीन. तसं मी यमुताईंकडून कबूल करून घेतलं आहे.

कमरुद्दीनभाई, पुढचं आजीला वाचून दाखवू नका. मूल विकत घेणं हा गुन्हा आहे. बैठकीत पोलिसांत जाण्याची भाषा झाली. माझी आजी आहे म्हणून मी गयावया करून ते थांबवलं.

कुमुद


मोहटोला, गुरुवार, ५ डिसेंबर १९५७

कुमुद,

तुहं पत्र शुक्रवारीच आलं. सहा दिवस माह्या आढ्यात खोसून होतं. आज कमरुद्दीननं वाचलं. जीप परवा येऊन गेली.

'वाचू नका' म्हटलेलंही त्यानं वाचलं. शिंपी आहे, जेवढं कापड दिलं तेवढं शिवते.

पंधरा पावलावर मास्तरचं घर आहे. चिठ्ठी घेऊन मी त्याच्या दारात गेली असती तर पोरगी इथीच असती. मी वालाचा वेल धरून बसली.

मंगळवारी बुधरी खळ्यावर होती, धानाचा चुरणा चालू होता. मी वट्यावर. यमुताई आली, म्हणे, कोंडीला न्यायला आलो, तुमची तयारी आहे ना? मले काय माहीत. मले वाटलं, वडशाले नेऊन फोटो काढतीन, जीपमधून फिरवून आणतीन. मी म्हटलं, न्या न्या, वापस नाई आणली तरी चालते, लय खाते. माह्याच पदरानं तिचं नाक पुसलं, उचलून गाडीत बसवली. पोरगी हात हालवत गेली. दिवस बुडेपर्यंत मी रस्त्यावर डोळे लावून बसली होती.

आता ऐक, आन तुह्या मंडळात मोठ्यानं वाच. बुधरीचे तीन लेकरं एकामागून एक गेले, एकानंही महिना पाह्यला नाई. ही चौथी झाली तवा तिच्या सासूनं तिले उकिरड्यावर ठेवली, आन मी सूपभर कोंडा देऊन घेतली. मीच काऊन? तर माहे पाचही जिवंत आहेत म्हणून. कोंड्याच्या भावात गेलेल्या लेकराले यमही हात लावत नाई, त्यालेही काही इज्जत आहे. घेतली का तिथल्या तिथं बुधरीच्या मांडीवर पाजाले दिली. झालं इकणं. लगनापर्यंत नाव माहं, लेकरू मायचं.

तुले हे माहीत नाई? तुहा आजा, माहा भाऊ, त्याचं नाव फकिरा काऊन होतं? त्याले मायनं दर्ग्यापुढच्या फकिराले एका कवडीत इकला होता. तवा तुमचं मंडळ असतं तर त्याले सोडवून घेऊन गेलं असतं, आन तू कुठी असती आज? परीक्षा देत?

पुस्तकं वाचून तुमाले येवढंही पुसता येत नाई, का बाई, इकली म्हणजे काय केलं?

बुधरी काल आली. वट्यावर बसली. रडली नाई. येवढंच म्हणे, "बाई, तुमी आपल्या हातानं देऊन टाकली." पोरगी गेली हे दुःख आहेच, पण भेव दुसरं आहे. घेतलेलं लेकरू मालकिणीनंच दुसऱ्याले दिलं तर सौदा मोडते. लेकरू उघडं पडते. मंग ज्यानं तीन नेले त्याले चौथ्याचा पत्ता लागते. मी गमतीत बोलली म्हणून सांगतलं, तर म्हणे, "त्याले गंमत समजते का?"

मले उत्तर नको. पोरगी पाठव.

शकुआजी


नागपूर, १२ डिसेंबर १९५७

शकुआजीला नमस्कार.

तुझं पत्र घेऊन मी त्याच दिवशी यमुताईंकडे गेले. त्यांनी ते शांतपणे ऐकलं. मग म्हणाल्या, "कुमुद, सापडल्यावर सगळे असंच सांगतात."

मी भांडले. पण त्यांची अडचणही समजून घे. अहवाल फोटोसकट परदेशी गेला आहे. तिकडच्या एका कुटुंबाने कोंडीला आपलं म्हटलं आहे, आश्रमात तिचं नाव आता करुणा ठेवलं आहे. तिकडे ही गोष्ट सभेत वाचली गेली आणि बायका रडल्या. आता ते सगळं खोटं होतं असं कसं कळवायचं, म्हणतात. शिवाय त्या म्हणतात, कायद्याने पाहिलं तर विक्री झाली असेल तर बुधरीचा हक्क तिने स्वतःच घालवला, आणि झाली नसेल तर तू मंडळाला खोटी माहिती दिलीस. दोन्ही बाजूंनी मुलगी इथेच राहते.

कोंडी बरी आहे. दोन नवे फ्रॉक मिळाले आहेत.

कमरुद्दीनभाई, हे मात्र खरंच वाचू नका. पोरीला चार दिवस ताप आहे. ती कोणाशी बोलत नाही. नावाने हाक मारली तर बघत नाही, कारण नाव तिचं नाहीच. मी कपाळावर हात ठेवला तर विचारलं, "तू मले घेतली का?"

कुमुद


मोहटोला, गुरुवार, १९ डिसेंबर १९५७

कुमुद,

कमरुद्दीननं वाचलं. 'खरंच' हा शब्दही वाचला. वाचून मशीन गुंडाळलं, आज त्यानं काही शिवलं नाई.

मी आन बुधरी शनिवारी वडशावरून गाडीत बसतो, नागभीडले बदलतो. तू टेसनावर ये, नाईतर आम्ही पुसत पुसत येऊ. बुधरी माह्यासंग बोलत नाई, पण तिकीट मलेच काढाले सांगतलं.

तुह्या यमुताईचं कायद्याचं मी आयकलं. शाणी आहे. येवढी शाणी बाई दोन घरची भांडणं लावती तर जास्त लोकायचं भलं झालं असतं. तिले सांग, मी खोटं बोलली असं लिहून पाहिजे तर कागद तयार ठेव. खोटं सांगणं गुन्हा असन तर असू दे. मले धराले आले तर मी चालून जाईन, जीप नको.

शकुआजी


नागपूर, २८ डिसेंबर १९५७

शकुआजीला नमस्कार.

गाडी सुटेपर्यंत तू माझ्याकडे पाहिलं नाहीस, म्हणून जे तिथे बोलता आलं नाही ते लिहिते.

मुलगी परत नेताना ज्या कागदावर तू अंगठा दिलास तो यमुताईंनी तुला मवाळ करून वाचून दाखवला. त्यावर असं होतं : 'मी अडाणी असून खोटे बोलण्याची मला सवय आहे. मंडळाच्या सभासदांची मी हेतुपुरस्सर फसवणूक केली.' मी म्हटलं, हे बदला. त्या म्हणाल्या, बदललं तर मुलगी देता येत नाही. मी गप्प बसले. तुला हे कळायला हवं.

त्या खोलीत मी भिंतीला टेकून उभी होते. तुला आठवत असेलच, तरी मला जसं दिसलं तसं लिहिते. यमुताईंनी विचारलं, "म्हणजे तुम्ही आम्हाला खोटं सांगितलंत?"

तू म्हणालीस, "सांगतलं."

"का?"

"मजा वाटली."

"एका अनाथ मुलीच्या बाबतीत?"

मला वाटलं, आता तू काहीतरी बोलशील. बुधरी शेजारीच उभी असताना अनाथ कोण, म्हणून विचारशील. तू जमिनीकडे पाहून म्हणालीस, "चुकली माही." आजी, मी तुझ्या तोंडून हे कधी ऐकलं नव्हतं. मला यमुताईंच्या टेबलावरची दौत त्यांच्या डोक्यात घालावीशी वाटली. घातली नाही. मी तशीच आहे.

तेवढ्यात बुधरी आत गेली, पोरीच्या अंगातला फ्रॉक काढून खाटेवर घडी करून ठेवला, आणि तिला पदरात गुंडाळून बाहेर आली. कोणाची परवानगी विचारली नाही. विचारायची असते हेच तिला सुचलं नसावं.

आता पुढचं. तुम्ही गेलात त्याच्या तिसऱ्या दिवशी आश्रमात दुसरी एक मुलगी आणली. तिला तोच फ्रॉक घातला आणि करुणा नाव दिलं. मी म्हटलं, परदेशी फोटो कोंडीचा गेलाय. यमुताई म्हणाल्या, "दुरून काढलेला आहे, चालेल." मी त्याच संध्याकाळी मंडळ सोडल्याची चिठ्ठी दिली. त्यांनी ती वाचली आणि माझ्या अक्षराचं कौतुक केलं.

कोंडीचा ताप उतरला का ते कळव. आता तुझ्या वट्यावर पुन्हा तिचा दंगा सुरू झाला असेल, या विचाराने मला झोप लागते.

कुमुद


मोहटोला, गुरुवार, २ जानेवारी १९५८

कुमुदले आशीर्वाद.

ताप उतरला. पोरगी पेज पिते, दोनदा मागते.

कागदावर काय लिहिलं होतं ते कळलं. त्यात अडाणी हे खरं आहे, सवयीचंही खरं आहे. फसवणूक तेवढी उलटी लिहिली. जाऊ दे. तू उगा भिंतीले टेकल्याचं मनाले लावून घेऊ नको. दौत घातली असती तर पोरगी अजून तिथीच असती.

दुसऱ्या पोरीचं वाचून कमरुद्दीन म्हणे, माप एकाचं आन सदरा दुसऱ्याले, असा शिंपी गावात टिकत नाई. मी म्हटलं, गावात नाई टिकत, मंडळात अध्यक्ष होते. त्या पोरीची माय कुठी आहे ते पुस. मंडळ सोडलं तरी पुसता येते.

आता माह्या वट्याचं. तिथी दंगा नाई.

मागच्या गुरुवारी बुधरीनं पोरीले पुन्हा इकलं. मी केलेला सौदा मीच मोडला, तर तिले उघडी कशी ठेवन ती? बाजारात, सगळ्यायच्या देखत, कमरुद्दीनच्या घरच्या खैरुनले इकली. खैरुनचे सहाही लेकरं जिवंत आहेत, आन ती कमी बोलते. हे दुसरं कारण बुधरीनं माह्या तोंडावर सांगतलं. (कमरुद्दीन इथी थांबला होता. मी म्हटलं, लिही, तुह्या बायकोची तारीफ आहे.)

मीही सूप घेऊन गेली होती. कोंडा पाखडून, सोन्यासारखा. मले वाटलं, पुन्हा एकदा घेऊ. बुधरी म्हणे, "बाई, तुमी जरा बाजूले सरा." रागानं नाई म्हटलं. उन्हातून बकरी हाकलावी तसं. मी सरली. खैरुननं मशीनखालची एक चिंधी उचलून दिली आन पोरगी घेतली. तर आता नाव चिंधी. जुन्या नावाले 'ओ' द्याची नाई, असं मायनं बजावलं आहे.

यमुताई घर सोडून दुसऱ्यायचे लेकरं गोळा करत फिरते, तिले मी लय हसली. पण तिनं मंगळवारी नुसतं पुसलं होतं. उचलून गाडीत मी बसवली. तुही जागा खाली झाली म्हणते तर तिथी माहं नाव लिहून पाहाजो. असं काम हसत हसत करणारी बाई त्यायले दुसरी भेटणार नाई.

घेणारीले लेकरू मोठी माय म्हणते. सहा वर्स मले म्हणे, आता बाजाराच्या दिवशी खैरुनले म्हणते. काल ती वट्यापुढून चालली होती, हातात बोरं होते. मी हाक मारली, "कोंडे." तिनं पाह्यलं नाई. मले वाटलं, आयकू गेलं नसन, पुन्हा मारली. चालतच राह्यली. मंग मी म्हटलं, "चिंधे."

थांबली. मागं वळून म्हणे, "काय वं, आजी?"

गावातले सगळेच पोट्टे मले आजी म्हणतात.

शकुआजी